व्याघ्रचर्माची होळी: तिबेटमधली मागणी कशी मोडली, आणि कुठे मोडली नाही

वाघ वाचवायचा म्हटलं की आपली चर्चा जंगलात सुरू होते आणि जंगलातच संपते. गस्त वाढवा, कॅमेरे लावा, वनरक्षकांची रिकामी पदं भरा. हे सगळं हवंच. पण कातडं विकत घेऊन अंगावर मिरवणारा माणूस या चर्चेत फारसा येत नाही. हे प्रकरण त्या माणसाचं आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत तिबेटी पठारावर वाघ, बिबट्या आणि पाणमांजर यांच्या कातड्यांची मागणी शिगेला पोचली आणि २००६ च्या सुरुवातीला काही आठवड्यांत कोसळली. ती कशामुळे कोसळली आणि हातातून काय निसटलं, ते इथे मांडलं आहे.

मोहिमेत उतरलेल्या तिबेटी कार्यकर्त्यांची आणि गिऱ्हाईक बनून बाजारात फिरलेल्या तपासकर्त्यांची नावं मुद्दाम वगळली आहेत. जी नावं आधीच जाहीर आहेत, तेवढीच घेतली आहेत.

पार्श्वभूमी

जानेवारी २००० मध्ये उत्तर प्रदेशात फतेहपूर जिल्ह्यातल्या खागा इथे छापा पडला. बिबट्याची ७० कातडी, वाघाची ४, काळविटाची २२१ आणि बिबट्याची १८,०८० नखं सापडली. एका बिबट्याची नखं अठरा. म्हणजे नुसत्या नखांच्या हिशेबाने हजाराहून जास्त बिबटे. (नखांचं गिऱ्हाईक शोधायला हिमालय ओलांडावा लागत नाही. सोन्यात मढवलेलं वाघनख गळ्यात असलेली बाळं आपल्याही घरच्या जुन्या फोटोंत सापडतील.) कातडी मात्र उत्तरेकडे जात होती.

किती जात होती, याचा अंदाज ऑक्टोबर २००३ मध्ये आला. पश्चिम तिबेटच्या रस्त्यावर सांगसांग इथे चिनी यंत्रणेने एक खेप पकडली: वाघाची ३१ कातडी, बिबट्याची ५८१, पाणमांजराची ७७८. काही कातड्यांच्या मागच्या बाजूला दिल्लीचं वर्तमानपत्र चिकटलेलं होतं. माल कुठून निघाला हे विचारायला नको होतं.

भारतात या सगळ्याची जाग आली ती सरिस्कामुळे. राजस्थानातल्या या व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं २००५ मध्ये तपासाअंती स्पष्ट झालं. त्याच वर्षी जूनअखेर दिल्लीचा कुख्यात कातडी व्यापारी संसारचंद पकडला गेला. वाघाची ४७० आणि बिबट्याची २,१३० कातडी आपण नेपाळ-तिबेटच्या अवघ्या चार गिऱ्हाइकांना विकली, अशी कबुली त्याने चौकशीत दिल्याचं सीबीआयने पुढे सांगितलं. आरोपीच्या कबुलीवर किती विसंबायचं हा प्रश्न आहेच. पण सांगसांगची एक खेप डोळ्यांसमोर ठेवली तर हा आकडा बाजारगप्पा वाटत नाही.

आता घेणाऱ्याकडे येऊ. तिबेटी माणसाचा पारंपरिक अंगरखा म्हणजे चुबा. लांब बाह्या, कमरेला पट्टा, आणि काठांना कापड किंवा फर. पाणमांजराची पट्टी पूर्वीपासून लावत, वाघ-बिबट्याचं कातडं मात्र मोजक्यांना परवडायचं. जुन्या तिबेटी साम्राज्यात रणांगणात पराक्रम केलेल्याला व्याघ्रचर्म बक्षीस मिळे, आणि भित्र्याला कोल्ह्याचं शेपूट लटकवून फिरावं लागे, अशी नोंद चीनच्या थांग काळातल्या बखरींत आहे. हे शेपूट लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

ही हौस सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली ती नव्वदच्या दशकानंतर. पठारावर पैसा आला. त्यातला बराच यार्सागुंबाचा, म्हणजे अळीवर वाढणाऱ्या औषधी बुरशीचा, जिची किंमत चिनी बाजारात चढतच गेली. उन्हाळ्यात होणाऱ्या घोड्यांच्या शर्यतींच्या जत्रांना स्थानिक प्रशासन प्रोत्साहन देऊ लागलं. नटून येणाऱ्यांची मिरवणूक, उत्तम वेशभूषेचं कौतुक, टीव्हीचे कॅमेरे. शेजारच्या घरातल्या सुनेच्या चुब्याला बिबट्याची वीतभर पट्टी असली, तर आपल्या मुलीच्या चुब्याला हातभर हवी, अशी चढाओढ लागली. आपल्याकडे लग्नात तोळ्यांवरून जे चालतं, तेच.

नेमका प्रश्न काय होता

२००५ च्या उन्हाळ्यात ‘एन्व्हायर्नमेंटल इन्व्हेस्टिगेशन एजन्सी’ ही लंडनची संस्था आणि ‘वाइल्डलाइफ प्रोटेक्शन सोसायटी ऑफ इंडिया’ यांचे तपासकर्ते सिचुआनमधलं लिथांग आणि तिबेटमधलं नागचू इथल्या जत्रांना गेले. अख्ख्या वाघाचं कातडं अंगाभोवती घेतलेले लोक त्यांना जत्रेच्या मैदानात राजरोस फिरताना दिसले. ल्हासातल्या दुकानांत आणि गान्सू प्रांतातल्या लिन्शियाच्या बाजारात कातडी उघड्यावर टांगलेली होती. छुपा कॅमेरा नेला होता, पण लपवण्यासारखं समोर फारसं कोणी काही ठेवलंच नव्हतं.

कायदा सगळीकडे होता. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, चीनमध्ये त्यांचा स्वतःचा, आणि दोघांवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचा साइट्स करार. कायदा आहे, कातडंही आहे, मग अडतंय कुठे? घेणाऱ्याला यात काही गैर आहे असं वाटतच नव्हतं. ते त्याच्या ऐपतीचं प्रमाणपत्र होतं. जत्रेच्या व्यासपीठावर बसलेल्या अधिकाऱ्यांनाही त्यात वावगं दिसत नव्हतं. भर मैदानात, पाहुण्यांसमोर जी गोष्ट सन्मानाने मिरवली जाते, ती गुन्हा आहे असं कागदावर लिहून कितीसा फरक पडणार?

समोर असलेले रस्ते

पहिला रस्ता सीमेवर पकडण्याचा. नेपाळची सीमा उघडी, लडाखकडून जुन्या व्यापारी वाटा, आणि घडी करून बोचक्यात बांधता येईल असा माल. शंभर खेपांतली एखादी सापडते. प्रयत्न सोडायचा नव्हता, पण एवढ्यावर भिस्त ठेवणं म्हणजे फुटलेल्या हौदाखाली बादली लावणं होतं.

दुसरा, चीन सरकारवर साइट्सच्या बैठकांतून दबाव आणण्याचा. हा लांबचा आणि थंड रस्ता. शिवाय पेइचिंगच्या लेखी हा प्रश्न भारतातल्या ढिल्या बंदोबस्ताचा होता, दिल्लीच्या लेखी तिबेटमधल्या मागणीचा. दोघांचंही खरं होतं, म्हणून दोघांनाही हलायची घाई नव्हती.

तिसरा, पाश्चात्त्य देशांत फर-विरोधी मोहिमांनी वापरलेला: रक्ताळलेल्या जनावरांचे फोटो, नामवंत चेहरे, दुकानांसमोर निदर्शनं. लंडन-न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकावर याचा परिणाम होतो, कारण ते फोटो त्याच्याच वर्तमानपत्रात येतात. नागचूच्या पशुपालकापर्यंत ते पोचणारच नव्हते, आणि पोचले असते तरी परक्याने आपल्या पोशाखाला नावं ठेवली, एवढाच अर्थ निघाला असता.

चौथा, आतल्या माणसाने सांगण्याचा. बौद्ध समाजात अहिंसेची शिकवण नवी नव्हती. तिबेटी बौद्धांच्या मनात ज्या एका माणसाच्या शब्दाला तोड नाही, तो माणूस हिमाचलातल्या धर्मशाळेत राहत होता. धोकाही तिथेच होता. दलाई लामांचं नाव घेतलं की चीनच्या दृष्टीने मोहीम वन्यजीवांची राहत नाही, ती राजकीय होते. ज्यांनी ऐकलं त्यांची गणना फुटीरांत होणार.

पाचवा एक पर्याय असल्या चर्चेत नेहमी निघतो: कातडी विकत घेऊन जमा करायची. याला माझा तेव्हाही विरोध असता, आजही आहे. घेतलेल्या मालाला पैसे मिळतात असं एकदा दिसलं की दलाल नव्या मालाची मागणी नोंदवून मोकळा होतो.

काय केलं

निवडला चौथा रस्ता, आणि तो टप्प्याटप्प्याने. एप्रिल २००५ मध्ये दिल्लीत ‘वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया’ आणि ब्रिटनची ‘केअर फॉर द वाइल्ड इंटरनॅशनल’ यांनी दलाई लामांच्या उपस्थितीत तिबेटी समाजासाठी जनजागृती मोहीम सुरू केली. त्यांनी तिबेटी लोकांना वन्यप्राण्यांच्या व्यापारापासून दूर राहण्याचं आवाहन केलं. भारतात पकडल्या गेलेल्या दलालांत काही तिबेटी निर्वासितही होते. म्हणजे हा उपदेश फक्त सीमेपलीकडच्यांसाठी नव्हता.

आपल्याला तिबेटी माणूस ठाऊक असतो तो थंडीत पुण्या-नागपूरच्या फुटपाथवर स्वेटर विकणारा. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, नवेगावच्या जंगलापासून हाकेच्या अंतरावर. भारतात विखुरलेल्या अशा वसाहतींमधून वाढलेल्या तरुणांनी मोहिमेचं पायाभूत काम केलं. तिबेटी भाषेत पत्रकं, पोस्टर, ध्वनिचित्रफिती तयार केल्या. इंग्रजीतून भाषांतर करून काम भागवलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तरी पुढचे काही महिने फार काही हललं नाही. पहिलं आवाहन दिल्लीतल्या कार्यक्रमात झालं होतं, समोर पत्रकार आणि संस्थांचे लोक. तिबेटमधून आलेला श्रोता तिथे जवळपास नव्हता.

मग आला जानेवारी २००६ चा कालचक्र सोहळा, म्हणजे तिबेटी बौद्धांचा मोठा दीक्षाविधी, अमरावतीला. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर लगेच अंबादेवीचं देऊळ येईल, पण ही आंध्रातली अमरावती, प्राचीन स्तूपाची, आपल्या महाबळेश्वरात उगम पावलेल्या कृष्णेच्या काठची. लाखावर भाविक जमले होते आणि त्यांत हजारो जण खुद्द तिबेटमधून आलेले होते. आदल्या उन्हाळ्यातल्या जत्रांचे फोटो तोवर दलाई लामांपर्यंत पोचले होते. प्रवचनात त्यांनी विषय काढला. कायद्याची कलमं सांगितली नाहीत, वाघांचे आकडेही नाहीत. कातडी पांघरलेले आपले लोक पाहून मला लाज वाटते, असं ते म्हणाले. गावी परत जाल तेव्हा हे लक्षात ठेवा. वन्यप्राण्यांचं काहीही वापरू नका, विकू नका, विकत घेऊ नका, असं त्यांनी सांगितलं.

माझ्या मते या प्रकरणातला कळीचा निर्णय हाच: तेच आवाहन, तोच वक्ता, पण श्रोता बदलला. समोर बसलेला माणूस आठ-पंधरा दिवसांत आपल्या गावात पोचणार होता, आणि तिथे विचारलं जाणारच होतं, तिकडे काय सांगितलं?

आणि इथे ते कोल्ह्याचं शेपूट आठवतं. ज्या समाजात कातडं सन्मानाचं चिन्ह होतं, त्या समाजाला लाजेची भाषा पक्की कळत होती. दलाई लामांनी वाघाच्या बाजूने वकिली केली नाही. कालपर्यंत जे शूराचं बक्षीस होतं, ते त्यांनी एका वाक्यात भित्र्याच्या बाजूला नेऊन ठेवलं.

काय झालं

फेब्रुवारीत बातम्या येऊ लागल्या. छिंगहाई प्रांतातल्या रेबकोंगला, सिचुआनमधल्या न्गाबाला, आणि इतरत्रही लोकांनी कातडी लावलेले चुबे चौकात आणून पेटवले. कुणी सांगितलं नव्हतं. प्रवचनात ‘वापरू नका’ एवढंच होतं, ‘जाळा’ असं नव्हतं. काही घरांची वर्षांची बचत त्या एका अंगरख्यात गुंतलेली होती. परदेशी गिऱ्हाइकाला गुपचूप विकून पैसे मोकळे करता आले असते. तसं न करता जाळणं, तेही सगळ्यांदेखत, ही शपथ होती. चारचौघांत जाळलेलं कातडं पुढच्या जत्रेत पुन्हा घालता येत नाही.

चीनच्या प्रशासनाने जे करायचं तेच केलं. एरवी वन्यजीव कायद्याची इतकी मोठी अंमलबजावणी कोणी फुकट करून देत असेल तर आभार मानले असते. इथे जाहीर होळ्यांवर बंदी आली, काही जणांना ताब्यात घेतलं गेलं, टीव्हीवरच्या तिबेटी निवेदकांना फर घालून पडद्यावर येण्याची सक्ती झाल्याच्याही बातम्या आल्या. कातडं घालणं ही निष्ठा आणि न घालणं हा विद्रोह, अशी उलटी गंगा काही काळ वाहिली. मोहीम आखणाऱ्यांना हा धोका ठाऊक होता. त्याची झळ मात्र त्यांना बसली नाही. ती बसली पठारावरच्या लोकांना, आणि या प्रकरणाचा जमाखर्च मांडताना ही नोंद खर्चाच्या बाजूला ठळक अक्षरांत हवी.

त्या उन्हाळ्यात तपासकर्ते पुन्हा लिथांग आणि नागचूला गेले. आदल्या वर्षी जिथे नजर जाईल तिथे पट्टे-ठिपके होते, तिथे आता ते शोधावे लागत होते. दुकानदार कुरकुरत होते. तिबेटी गिऱ्हाईक तुटलं, ही गोष्ट निर्विवाद.

दुकानं मात्र बंद झाली नव्हती. ल्हासात आणि लिन्शियात माल होता, आणि विक्रेते नव्या गिऱ्हाइकाबद्दल सांगत होते: चीनच्या शहरांतला पैसेवाला. त्याला चुबा शिवायचा नव्हता. त्याला अख्खं कातडं हवं होतं, दिवाणखान्यात अंथरायला, भिंतीवर लावायला, बड्या अधिकाऱ्याला भेट द्यायला. पुढच्या वर्षांतल्या तपासांतही हेच चित्र ठळक होत गेलं.

इथे या मोहिमेचं सामर्थ्य आणि मर्यादा एकाच ठिकाणी दिसतात. चुबा मैदानात घालतात, चारशे डोळ्यांसमोर. लाज तिथे काम करते, कारण बघणारा असतो. बंद दारामागच्या गालिच्याला कोण बघतं? आणि जो बघतो, तो त्याच वर्तुळातला, कौतुक करणारा. शिवाय त्या गिऱ्हाइकावर दलाई लामांच्या शब्दाचं ओझं नव्हतं. असलंच तर उलट्या दिशेने.

भारतातल्या वाघांवर याचा परिणाम मोजता येतो का? प्रामाणिक उत्तर: वेगळा काढून नाही. २००६ च्या गणनेत १,४११ वाघ निघाले, २०१० मध्ये १,७०६, २०२२ मध्ये ३,६८२. पण याच काळात गणनेची पद्धत बदलली, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं, वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो उभा राहिला, गावांचं पुनर्वसन झालं. वाढलेल्या आकड्यावर आपला शिक्का मारायला पुष्कळ जण टपलेले असतात. तिबेटी मोहिमेने तो मारू नये.

शिकार थांबली नाही, हे मात्र विदर्भाने पाहिलं. एप्रिल २०१२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात पळसगावजवळ पोलादी सापळ्यांत वाघ अडकले. पाठोपाठ २०१३ मध्ये आपल्या अमरावतीच्या मेळघाटातल्या शिकारी उघडकीला आल्या, आणि धागे मध्य प्रदेशातल्या कटनीकडच्या टोळ्यांपर्यंत गेले. तिबेटी जत्रांतून पट्टे उतरून तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. सुपारी देणारा कुणीतरी होताच.

वेगळं काय करता आलं असतं

आधी मोजायला हवं होतं. २००५ आणि २००६ च्या जत्रांची तुलना डोळ्यांनी केलेली आहे, ती खोटी नाही, पण किती जत्रा, किती माणसं, किती चुबे असं सारखं मोजमाप दरवर्षी झालं असतं तर घट किती टिकली हे आज ठामपणे सांगता आलं असतं. मोहिमा करणाऱ्यांना मोजणीचा कंटाळा असतो. पैसे देणाऱ्यांना फोटो पुरतो.

जत्रांचे आयोजक मोकळे सुटले. वेशभूषेचं कौतुक करणारं व्यासपीठ सरकारी होतं. तिथल्या अधिकाऱ्यांना, दलाई लामांचं नाव बाजूला ठेवून, नुसत्या चिनी कायद्याच्या भाषेत गाठणारी दुसरी फळी समांतर हवी होती. दोन तोंडं, दोन भाषा, एकमेकांशी उघड संबंध नसलेल्या. हे बोलायला सोपं आहे आणि करायला अवघड, याची मला कल्पना आहे. पण ज्यांनी कातडी जाळली त्यांना राजकीय गुन्हेगार ठरवणं त्यामुळे थोडं तरी कठीण झालं असतं.

शहरी चिनी गिऱ्हाइकाची चाहूल २००६ मध्येच लागली होती. दलाल हा कुठल्या एका बाजारावर प्रेम करणारा प्राणी नाही. एक गिऱ्हाईक तुटताना दिसलं की तो दुसरं शोधतो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत मोहिमेने नव्या गिऱ्हाइकाच्या भाषेत बोलणारा माणूस शोधायला हवा होता. त्याऐवजी होळ्यांच्या बातम्यांनी समाधान दिलं.

आपल्या बाजूचंही एक राहिलं. सापळा लावणारा पारधी किंवा बहेलिया हा या साखळीतला सगळ्यांत कमी पैसे मिळवणारा आणि सगळ्यांत आधी तुरुंगात जाणारा माणूस. मागणी पाडण्याच्या चर्चेत त्याचा विषय निघाला नाही, कारण तो ‘पुरवठा’ या रकान्यात बसतो. बाजार काही काळ मंदावला होता. त्याला दुसरं काम देण्याची वेळ असेल तर ती तेव्हाच होती.

आणि पाणमांजर. सांगसांगच्या खेपेत सगळ्यांत मोठा आकडा त्याचा होता, ७७८. बातम्यांचे मथळे झाले वाघाच्या ३१ कातड्यांचे. पोस्टरवर वाघ, भाषणात वाघ. चुब्याच्या काठाला सर्वांत जुनी आणि सर्वांत परवडणारी फर पाणमांजराचीच, म्हणजे ती सोडायला लावणंही सगळ्यांत कठीण. तिलारीच्या खोऱ्यात आजही पहाटे पाणमांजरांचं कुटुंब नदीतून जाताना दिसतं. वाघाची दर चार वर्षांनी देशभर मोजणी होते. पाणमांजराची तशी मोजणी तेव्हा नव्हतीच, त्यामुळे त्या ७७८ पैकी एखादं कुठल्या नदीतून कमी झालं, हे विचारायला कोणी आलं नाही.